वॉर्डमधून निअर मिसचे फॉर्म येणंच बंद झालंय, मदत हवी आहे

नमस्कार. मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. इथे नर्सिंगमधले आणि क्वालिटीचं काम पाहणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे इन्सिडेंट फॉर्मची पद्धत आहे. पेशंट पडला, औषध चुकलं, रक्त चढवताना रिअ‍ॅक्शन आली, की फॉर्म भरायचा. चूक होता होता टळली (म्हणजेच निअर मिस) तरी भरायचा. पूर्वी सगळ्या जणी भरायच्या. मग एका ज्युनिअर सिस्टरने स्वतःहून लिहिलं, की सारख्या दिसणाऱ्या दोन व्हायलपैकी (औषधाच्या छोट्या बाटल्या) चुकीची हातात आली होती, पण सिरिंजमध्ये भरण्याआधी लेबल वाचलं म्हणून लक्षात आलं. पेशंटला काहीच झालं नव्हतं. तरी तिला मेमो मिळाला. तेव्हापासून आमच्या वॉर्डमधून फॉर्म येत नाहीत.

पुढच्या मीटिंगमध्ये ‘शून्य घटना’ म्हणून वॉर्डचं कौतुक झालं. मला ते पटत नाही. पेशंट तेवढेच आहेत, नाइटला माणसं तेवढीच आहेत, ट्रीटमेंट शीटवरचं अक्षरही तसंच आहे. मग चुका कुठे गेल्या? आणि त्या दोन व्हायल एकाच कप्प्यात शेजारी-शेजारी होत्या, हे त्या मुलीनं फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं. ते कोणी वाचलंच नाही. कप्पे शेवटी मी बदलून घेतले.

पेशंटजवळ चोवीस तास आपणच असतो. डॉक्टरांनी लिहिलेलं, फार्मसीने पाठवलेलं सगळं शेवटी सिस्टरच्या हातातून पेशंटपर्यंत जातं. त्यामुळे आधी कुठेही झालेली चूक पकडण्याची शेवटची संधी बहुतेक वेळा आपल्याकडे असते. ती पकडणाऱ्यांनीच बोलणं बंद केलं, तर सुरक्षितता मोजायची कशावरून?

आता मला वॉर्डसाठी एक क्वालिटी प्रोजेक्ट करायला सांगितलंय आणि मला हाच विषय घ्यायचा आहे. नाव न लिहिता फॉर्म घ्यावेत का? सुरुवात कुठून करू? आणि आकडा वाढला की वरचे नाराज होणार, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद (आयसीयू, क्वालिटी नर्स)

सिस्टर, निनावी फॉर्मने सुरुवातीला भीड मोडते, पण पुढे अडतं. नेमकं काय झालं हे विचारायला माणूसच सापडत नाही. आम्ही नाव घेतो, पण ते एकाच व्यक्तीकडे राहतं आणि वर जाताना काढलं जातं.

माझ्या अनुभवात भीतीइतकंच दुसरं कारण असतं: फॉर्म जातो आणि परत काहीच येत नाही. तुमच्या कप्प्यांचंच बघा. बदल झाला, पण तो त्या फॉर्ममुळे झाला हे वॉर्डला कुणी सांगितलं का? ड्युटी रूममध्ये बोर्ड लावा. एका बाजूला ‘काय कळलं’, दुसऱ्या बाजूला ‘काय बदललं’. पहिली नोंद त्या व्हायलचीच करा, त्या ज्युनिअर सिस्टरची परवानगी घेऊन.

सगळे प्रकार एकदम घेऊ नका. एक शिफ्ट, एक विषय, उदाहरणार्थ सारख्या नावाची किंवा दिसणारी औषधं. थोडे दिवस करून बघा, काय जमलं नाही ते दुरुस्त करा, मग दुसरी शिफ्ट. पीडीएसए (प्लॅन, डू, स्टडी, अ‍ॅक्ट) म्हणतात ते एवढंच.

प्रतिसाद (हॉस्पिटल फार्मासिस्ट)

फार्मसीलाही यात ओढा, प्लीज. लेबल, पॅकिंग, स्टॉक कुठे ठेवायचा हे आमच्या हातात असतं, पण घोटाळा कुठे होतो ते तुम्हालाच दिसतं. कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम क्लोराइड (पातळ न करता दिलं तर जीवघेणं) वॉर्डच्या स्टॉकमध्ये असेल तर आधी ते काढायला लावा. इन्सुलिन आणि हेपॅरिनचं डबल चेक खरंच होतंय का तेही बघा. दुसरीने डोस स्वतः वेगळा काढून मग ताडून पाहायला हवा. घाईत नुसती सही होते, आणि ती सही कागदावर अगदी व्यवस्थित दिसते.

प्रतिसाद (निवृत्त मेट्रन)

बाळा, तुझा तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यावरच लिहिते.

वरच्यांशी शून्यावरून वाद घालू नकोस. त्यांच्यासमोर दोन आकडे वेगवेगळे ठेव. एक, किती जणींनी कळवलं. दुसरा, किती पेशंटना प्रत्यक्ष इजा झाली. पहिला वाढायला हवा, दुसरा कमी व्हायला हवा. हे प्रोजेक्ट सुरू होण्याआधी लेखी मान्य करून घे, नाहीतर महिन्याभरात तुलाच जाब विचारतील. पडण्याच्या घटना नुसत्या मोजू नकोस, दर १००० पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस वॉर्डमध्ये राहिला की एक पेशंट-दिवस) काढ, म्हणजे वॉर्ड भरलेला असताना आणि रिकामा असताना तुलना करता येते.

मेमोबद्दल, माणसांच्या चुकांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी वापरलेली कसोटी सांग. तेवढंच शिक्षण असलेली दुसरी सिस्टर त्याच वेळी, त्याच कप्प्यासमोर असती तर तिच्या हातूनही हेच झालं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर दोष कप्प्याचा आहे. जाणूनबुजून नियम धाब्यावर बसवणारी असेल तर गोष्ट वेगळी, तिला कुणी पाठीशी घालू नये. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ च्या अहवालानेही हेच मांडलं: बहुतेक चुका बेपर्वा माणसांमुळे होत नाहीत, सदोष व्यवस्थेमुळे होतात.

नाइटच्या माणसांचा मुद्दाही सोडू नकोस. नर्सिंग संशोधक लिंडा एकन यांच्या २००२ च्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये दर नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. फॉर्मवर ‘त्या वेळी किती पेशंट होते’ हा रकाना घाल.

आणि सगळ्यात आधी तो मेमो लेखी मागे घ्यायला लाव. तो फाइलमध्ये असेपर्यंत तुझ्या बोर्डवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार, विशेषतः मेट्रनबाई तुमचे. मेमोचा विषय मी प्रोजेक्टच्या शेवटी काढणार होते, आता तोच आधी घेते. दोन आकड्यांचं पत्रही तयार करते.

एक विचारायचं राहिलं. मेमो मागे घेतल्याचं पत्र निघालं, तर ते वॉर्डमध्ये सगळ्यांना दाखवावं का? त्या मुलीला पुन्हा चर्चेचा विषय करायचं नाहीये. असं कुणी केलं असेल तर कसं केलं ते सांगा.