छापील आकडा आणि प्रत्यक्ष माप : पुरुषांचे तयार कपडे व पादत्राणे यांबाबतचे आपले अनुभव

गेल्या रविवारी कपाट आवरताना माझ्या चार पँट मी पलंगावर शेजारी-शेजारी ठेवल्या. चारही पँटच्या कमरेच्या आतल्या बाजूला 34 हा आकडा छापलेला आहे आणि चारही मी दोन-तीन वर्षांत फोंडा, पणजी व मडगाव येथून घेतल्या आहेत. शिंप्याच्या टेपने मोजल्यावर त्यांची कंबर 34.5, 35.5, 36 आणि 37 इंच भरली. छापील आकडा इंचांचा आहे असे आपण गृहीत धरतो आणि पँट घट्ट झाली की दोष आपल्या शरीराला देतो. या चारांपैकी सर्वांत लहान पँटमुळे माझे वजन वाढले, या समजुतीने मी कित्येक महिने काळजीत काढले. त्या काळात वजन होते तेवढेच होते.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून गोव्यातील इतरांनीही आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. शक्यतो छापील आकडा, टेपने घेतलेले माप आणि त्यातून झालेली अडचण या तिन्ही गोष्टी द्याव्यात. दुकानाचे किंवा कंपनीचे नाव मात्र लिहू नये, कारण माझ्या पाहण्यात तरी हा दोष कोणा एकाचा नाही.

म्हापसा, शिक्षक

माझा गोंधळ 40 या आकड्याचा आहे. शाळेत घालायचे माझे शर्ट 40 क्रमांकाचे असतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या घुमट आरतीच्या पथकासाठी चवथीला एकसारखे कुर्ते मागवायचे ठरले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या शर्टाचा क्रमांक कागदावर लिहून दिला आणि मी ती यादी तशीच पाठवली. कुर्ते चतुर्थीच्या दोन दिवस आधी आले आणि बारांपैकी सात जणांना ते छातीवर बसेनात.

पुढे चौकशी केल्यावर कारण समजले. फॉर्मल शर्टावरचा 39, 40, 42 हा आकडा बहुधा कॉलरचा असतो आणि तो सेंटिमीटरमध्ये असतो. कुर्त्यावरचा 40 मात्र पुष्कळदा छातीचा आणि इंचांत असतो. ज्याच्या शर्टाची कॉलर 40 सेंटिमीटर आहे, त्याची छाती 38 इंच असू शकते तशी 43 इंचही असू शकते. दोन वेगळ्या अवयवांची, दोन वेगळ्या एककांतली मापे एकाच आकड्याने लिहिली जातात आणि शेजारी एकक कुठेही छापलेले नसते. आम्हां बारा जणांत शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि एक अभियंता होता, तरी हे एकाच्याही लक्षात आले नाही. म्हणून गिऱ्हाईक निष्काळजी असते, हे म्हणणे मला पटत नाही. ज्यांना कुर्ते बसले नाहीत, त्यांनी त्या वर्षी जुन्याच कपड्यांत आरती म्हटली. त्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, पण मला ते आजही लागून राहिले आहे.

वेर्णा, कारखान्यातील कर्मचारी

मी यंत्रांच्या देखभालीचे काम करतो आणि पाळीचे आठही तास पायांत सुरक्षा बूट असतात. माझा क्रमांक 8 आहे, असे मी वीस वर्षे सांगत आलो. मध्यंतरी कारखान्याने बुटांचा पुरवठादार बदलला आणि नव्या जोडावरही 8 हाच क्रमांक असल्यामुळे मी सही करून तो घेतला. लांबीला बूट ठीक होता, परंतु चवड्यापाशी अरुंद होता. साधा चामडी बूट वापराने थोडा सैल होतो. सुरक्षा बुटाच्या टोकाला पोलादी टोपी असते आणि ती एका मिलिमीटरनेही ताणली जात नाही. तीन आठवड्यांत माझ्या दोन्ही करंगळ्यांना फोड आले आणि उजव्या अंगठ्याचे नख काळे पडून गळाले. जोड बदलून मागितला, तेव्हा क्रमांक बरोबर असल्याचे उत्तर मिळाले. शेवटी 9 क्रमांक घेतला, तर टाच मागे सटकू लागली, आणि लोखंडी शिडीवर चढताना टाच सटकणे धोक्याचे असते.

या निमित्ताने मी जे वाचले ते येथे देतो. आपल्याकडे चालणारे इंग्रजी क्रमांक मूळ लांबीचे आहेत. एका क्रमांकाचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे 8.5 मिलिमीटर. त्या आकड्यात रुंदी कुठेच येत नाही. बूट ज्या कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवतात, त्याची रुंदी प्रत्येक उत्पादक आपल्या अंदाजाने ठरवतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातील 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल सर्वसाधारणपणे युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असते, असे त्यातून दिसून आले आणि त्या आधारे ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. हे वाचले त्या दिवशी मला फार मोकळे वाटले, कारण तोपर्यंत माझेच पाऊल बेढब आहे असे मी मानत होतो.

साखळी, निवृत्त कारकून

एकाच कंपनीचा, एकाच नमुन्याचा बंडी-बनियनचा संच मी दरवर्षी घेतो. यंदाचे 95 मागच्या वर्षीच्या 95पेक्षा चार सेंटिमीटर आखूड आहे. अंतर्वस्त्र असल्याने दुकानदार ते परत घेत नाही, आणि त्याचेही चुकत नाही.

मडगाव, महाविद्यालयीन विद्यार्थी

माझे बाबा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, आहेत आणि घरी परतताना ते निरनिराळ्या बंदरांतून माझ्यासाठी बूट आणतात. मी त्यांना 8 क्रमांक सांगितला होता. एकदा त्यांनी 8 लिहिलेले बूट आणले, ते मला फारच लहान झाले, कारण तो अमेरिकी 8 होता आणि अमेरिकी क्रमांकात पुरुषांचा इंग्रजी 8 म्हणजे साधारण 9. पुढच्या खेपेस त्यांनी युरोपातून 42 क्रमांक आणला आणि तो नेमका बसला. त्यानंतरच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा 42 घट्ट झाला.

यामागचा हिशेब मी करून पाहिला. युरोपीय क्रमांक दोन तृतीयांश सेंटिमीटरच्या पायरीने वाढतो, म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटरने, आणि इंग्रजी क्रमांक सुमारे 8.5 मिलिमीटरने. पायऱ्याच वेगळ्या असल्यामुळे एका पद्धतीचा पूर्ण क्रमांक दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी पूर्ण उतरणे शक्य नाही. मग कोणी 8 समोर 42 छापतो, तर कोणी 42.5. वास्तविक पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये देणारी आंतरराष्ट्रीय पद्धतही अस्तित्वात आहे आणि बर्फावरच्या खेळांच्या बुटांसाठी ती नेहमी वापरली जाते. सगळ्याच बुटांवर ती का छापू नये, हे मला कळत नाही. बाबा सात-आठ महिन्यांनी एकदा घरी येतात. त्यांनी हौसेने आणलेली वस्तू पायात जात नाही, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नाही.

डिचोली, शिंपी

माझे दुकान तीस वर्षांचे आहे. पूर्वी मी नवे कपडे शिवत असे. आता निम्मे काम तयार कपडे उसवून बसते करण्याचे आहे. त्यामुळे वरील तक्रारींविषयी या धंद्यातला माणूस म्हणून दोन शब्द लिहितो.

कारखान्यात कापडाचे पुष्कळ थर एकावर एक रचून यंत्राने एकाच वेळी कापतात आणि थर थोडे सरकले की वरचा तुकडा व खालचा तुकडा सारखे राहत नाहीत. शिवाय सुती कापड आधी आटवून घेतलेले नसले, तर पहिल्या धुण्यात आखडते. काही फरक जाणूनबुजून ठेवलेला असतो : गिऱ्हाईकाला लहान आकडा घातल्याचे समाधान मिळावे, म्हणून कंबर सैल ठेवून आकडा तोच छापतात. काही फरक मात्र योग्य असतो. जी पँट बेंबीखाली चार बोटे बसते, तिची कंबर मोठीच असावी लागते, कारण तिथे शरीराचा घेर अधिक असतो. पण ती कुठे बसणार आहे, हे तरी लेबलावर लिहायला हवे.

माझी खरी तक्रार निराळी आहे. पूर्वीच्या शिलाईत आत दीड-दोन इंच माया सोडलेली असे, म्हणून वाढत्या वयात तीच पँट दोनदा सैल करता येई. आजच्या पुष्कळ तयार पँटमध्ये सोडायला कापडच नसते. गिऱ्हाईक आशेने येते आणि शिवण उलटी करून दाखवत मला त्याला नाही म्हणावे लागते.

काणकोण, बँक कर्मचारी

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे आणि छाती 41 इंच आहे. छातीला बसणारा शर्ट मला गुडघ्याकडे झुकतो आणि बाहीचा कफ बोटांवर येतो. उंच माणसाला बाही आखूड पडते, ठेंगण्याला लांब पडते; एक्सएल म्हणजे माणूस सगळीकडून सारखाच वाढला, असे धरून कपडे कापलेले असतात. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत 25,000हून अधिक लोकांच्या शरीराची मोजणी करण्याचा प्रकल्प हाती घेतला, ही बातमी मी कात्रण काढून ठेवली आहे. त्याचा उपयोग दुकानापर्यंत पोहोचावा, याची मी मनापासून वाट पाहत आहे.

पेडणे, शेतकरी

माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांच्या पावलांची संवेदना बरीच कमी झाली आहे. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्या नेहमीच्या 7 क्रमांकाचे बूट घेऊन आलो. ते घट्ट होते, पण वडिलांना ते जाणवलेच नाही आणि मी क्रमांकावर विश्वास ठेवून तपासले नाही. चौथ्या दिवशी मोजा काढताना त्यावर रक्त दिसले. ती जखम भरायला अडीच महिने लागले आणि त्या काळात आम्ही रोज ड्रेसिंग करून घेत होतो.

तेव्हापासून बूट घेण्याआधी मी संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे सुजलेले असताना, वडिलांना पुठ्ठ्यावर उभे करतो, पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढतो आणि तो आकार कात्रीने कापून घेतो. दुकानात बुटातली आतली गादी बाहेर काढून त्यावर हा पुठ्ठा ठेवतो. पुठ्ठा कडेने बाहेर आला तर तो जोड मी बाजूला ठेवतो, क्रमांक कोणताही असो. गेल्या खेपेस त्यांना 8 क्रमांकाची चप्पल आणि 9 क्रमांकाचे बूट एकाच दुकानात, एकाच दिवशी बसले. दुकानातल्या मुलाने आधी मला दोनदा टोकले, मग पुठ्ठा स्वतःच हातात घेतला आणि आतल्या खोलीतून आणखी तीन जोड आणून लावून पाहिले.