काकडीला मादी फुलं भरपूर, हाताने परागीभवनही करते, तरी फळ धरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं शेवटच्या मजल्यावरचं घर आहे, घराला लागूनच गच्ची. तिथे मोठ्या ग्रो बॅगमध्ये काकडीच्या तीन वेली आहेत. दोन हिमांगी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बी टोकून केलेल्या. तिसऱ्या वेलीचं रोप नर्सरीतून आणलं, जात कुठली ते तिथल्या माणसालाही सांगता आलं नाही. माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट, वर सुतळीचा मांडव. कबुतरांनी रोपं उपटायला सुरुवात केली म्हणून चारही बाजूंनी हिरवी शेडनेट बांधून घेतली. वेली जोमात आहेत, पानं पंजाएवढी.

मार्च लागता लागता फुलं आली. आधी नुसती नर, झुपक्यांनी. आठवड्याभराने मादीही दिसू लागली. ओळखायला मी चुकत नाहीये, मादी फुलाच्या मागे करंगळीच्या पेराएवढी काकडी असते, अंगावर बारीक काटे आणि लव. आणि दुःख तिथेच आहे. फूल मिटलं की दोन-तीन दिवसांत ती चिमुकली काकडी टोकाकडून पिवळी पडायला लागते, सुरकुतते आणि नुसतं बोट लागलं तरी सुटून हातात येते. आजपर्यंत १७ गेल्या. धरली ती एकच, आणि तीही वाकडी. देठाकडे चांगली भरली आहे, टोकाला मात्र कोणी चिमटीत धरून दाबल्यासारखी.

मी हाताने परागीभवन करते. मागच्या पावसाळ्यात दुधीला केलं होतं आणि एका वेलीवर ११ दुधी निघाले, त्यामुळे पद्धत मला जमते असं वाटतं. मी अंबडला कंपनीत आहे, पहिली पाळी. बस सव्वासहाला असते. घरी आले की चहा घेऊन साडेपाचच्या सुमाराला गच्चीवर जाते. रंगकामाचा बारीक ब्रश नर फुलात फिरवायचा आणि मग मादी फुलात. दुधीलाही हीच वेळ होती, हाच ब्रश होता. काकडीची फुलं तेव्हा जराशी मिटलेली असतात, म्हणून पाकळ्या अलगद बाजूला करून ब्रश आत घालते.

मधमाश्या जवळजवळ नाहीतच. टाकीखाली आग्या मोहोळ होतं, ते डिसेंबरात सोसायटीने माणसं बोलावून काढून टाकलं.

इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण माझे सासरे. दिंडोरीकडच्या गावात आप्पांच्या बांधावर काकडीचे वेल असेच चढायचे, कोणी लक्षही द्यायचं नाही. दोन वर्षांपासून ते आमच्याकडे आहेत, हाताला कंप आहे, खाली उतरणं होत नाही. दिवसभर त्यांना ही गच्ची आणि या वेली. संध्याकाळी मी आले की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आज दोन गळाल्या.’ या वेलींवर त्यांच्या हाताने काकडी तोडली जावी एवढंच मला हवं आहे. माझं कुठे चुकतंय?

कुंडीतलं रान
बोरॉन कमी पडत असेल. अर्धा ग्रॅम प्रतिलिटर फवारून बघा.

मळेकरी, मखमलाबाद
ताई, फवारणी राहू द्या. तुमचं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. दुधी आणि काकडीची वेळ एक नाही.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचं पिवळं फूलही दिवस कलल्यावर. म्हणून साडेपाच-सहाला तुम्हाला दुधी साधला. काकडी, कारलं, लाल भोपळा ही सकाळची फुलं. काकडीचं फूल सूर्य उगवल्यावर थोड्या वेळात उघडतं आणि मादी फूल पराग घ्यायला त्याच एका दिवशी तयार असतं. त्यातही सकाळचे पहिले तीन-चार तास खरे. आपल्याकडे मार्चमध्ये दुपारचं ऊन पस्तिशीला टेकतं, त्यात नर फुलातले पराग वाळून निकामी होतात. तुम्ही पाकळ्या बाजूला करून ब्रश घालता ना, ते फूल तुमच्यासाठी दार लावून बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते परत उघडत नाही.

एक सांगा, जी एक काकडी धरली तिला कधी ब्रश लावला होता?

धागाकर्ती
आत्ता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं आणि अंगावर काटा आला. ती सुट्टीच्या दिवशीची. त्या दिवशी बस नव्हती, सकाळी आठला कपडे वाळत घालायला गेले आणि एक मादी फूल पूर्ण उघडं दिसलं म्हणून घाईत ब्रश फिरवून आले. बाकी सगळ्या संध्याकाळच्या.

पण मग ती वाकडी का झाली? वेळ तर बरोबर होती.

मळेकरी, मखमलाबाद
कारण घाई. काकडीच्या पोटात शेकडो बिया धरायच्या असतात आणि एका बीला एक परागकण लागतो. मादी फुलाच्या मधोमध बघा, तीन भागांचा जाडसर, ओलसर गोळा दिसेल. त्या तिन्ही भागांना पराग पोचला पाहिजे. जिथे बी धरत नाही तिथला गर भरत नाही, मग फळ तिथे चिमटतं नाहीतर वळतं. माशीसुद्धा एका भेटीत हे करत नाही, त्याच फुलावर ८-१० वेळा येते तेव्हा फळ सरळ होतं. काकडीचे पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडून जाणारे नव्हेत.

आपल्या नाशिकला द्राक्षाची सवय, द्राक्षाच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात म्हणून माशीवाचून सेटिंग होतं, म्हणजे फळ धरतं. पण कांद्याचे डेंगळे, म्हणजे बियांसाठीचे फुलांचे दांडे, लावणाऱ्याला विचारा, माशी फिरली नाही तर गोंडा भरलेला दिसतो आणि चोळला की बी निघत नाही. आमच्या शेजारच्या मळ्यात दोन वर्षं हेच झालं. तेव्हापासून डेंगळे फुलले की आम्ही सकाळी फवारा काढतच नाही, काय मारायचं ते दिवस मावळल्यावर. तुम्हीही निंबोळी अर्क मारत असाल तर हे पाळा.

ब्रशपेक्षा फूलच वापरा. सकाळी सातच्या पुढे ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या किंवा काढून टाकायच्या. मधला पिवळा दांडा उघडा पडतो. बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली तर पराग तयार आहेत. तो मादी फुलाच्या गोळ्यावर हलकेच टेकवायचा आणि सगळीकडून फिरवायचा, घासायचा नाही. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरलीत तर उत्तम, नर फुलांना काय तोटा आहे. वेलीवर पाणी मात्र सकाळी वरून मारू नका, पराग भिजला की संपला. पाणी बुडाशी.

गच्चीवाली मावशी
अगं, त्या शेडनेटचं कोणी बोललंच नाही! चारही बाजू बंद म्हटल्यावर माशी येणार कुठून? मोहोळ गेलं हे वाईटच झालं, पण सातेरी आणि छोट्या फुलोरी माश्या पाथर्डी फाट्यापर्यंत नक्की येत असतील. पूर्वेकडची बाजू सकाळी सात ते दहा गुंडाळून वर बांध, कबुतरांचा त्रास मोठ्या वेलींना तेवढा होत नाही. मांडवाजवळ तुळशीच्या दोन कुंड्या ठेव आणि मंजिऱ्या खुडू नकोस. कोथिंबीरही एखादी फुलावर येऊ दे. माझ्याकडे तुळस फुलली की आठवड्यात माश्या हजर असतात.

तिसऱ्या वेलीबद्दल विचारते, तिला नर फुलं येतात का? हल्ली पॉलीहाऊससाठीच्या बिनबियांच्या जाती मिळतात, त्यांना परागीभवन लागत नाही, उलट केलं तर आत बिया धरून फळाचा आकार बिघडतो. खात्री करायची तर उद्या उमलणारी एक मादी कळी आज संध्याकाळीच मलमलच्या तुकड्याने सैल बांधून ठेव. कळीच्या टोकाला पिवळा रंग दिसायला लागला की ती दुसऱ्या सकाळी उमलते. आत कोणी न शिरताही फळ वाढलं, तर त्या वेलीला हात लावायचा नाही.

धागाकर्ती
तिसऱ्या वेलीला आजवर एकही नर फूल दिसलेलं नाही, आता कळी बांधून ठेवते. पण सकाळी सातला मी बसमध्ये असते. यजमान बाहेरगावी नोकरीला. घरात फक्त आप्पा, आणि त्यांचा हात थरथरतो. फूल दुखावेल का? शिवाय त्यांचं म्हणणं, वेलीला माणसाने कशाला हात लावायचा.

मळेकरी, मखमलाबाद
थरथरणारा हात चालेल, ताई. ब्रशच्या टोकाला नेम लागतो, नर फूल बोटांत मुठीसारखं धरता येतं. मादी फुलाच्या मागची काकडी धरायची नाही, डाव्या हाताने फक्त वेलीला आधार द्यायचा. त्यांच्यासाठी फुलांच्या उंचीला बसेल असं स्टूल ठेवा. आणि त्यांना सांगा, बांधावर ज्या माश्या होत्या त्यांचं काम आहे हे.

धागाकर्ती
बारा दिवसांनी लिहिते आहे.

पहिली सुट्टी आली त्या सकाळी आप्पांना घेऊन गच्चीवर बसले. शेडनेटची पूर्वेची बाजू वर बांधली होती. सातला दहा कमी असताना कळ्या अजून पिळलेल्या होत्या, सव्वासातला पाहिलं तर पाच पाकळ्या सपाट उघडलेल्या. मी नर फुलाच्या पाकळ्या काढून दिल्या, त्यांनी बोट लावून बघितलं, पिवळी पूड अंगठ्यावर घेऊन उन्हात धरली. मग स्वतःच मादी फुलाला टेकवलं. हात हलत होता, त्यामुळे ते आपोआप सगळीकडून फिरलं. काही बोलले नाहीत. दुसरं फूल त्यांनी माझ्याकडे न मागता खुडलं.

त्यानंतर रोज तेच करतात. लावलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला लोकरीचा लाल धागा बांधायचा ठरवलं, गाठ त्यांना जमत नाही म्हणून मी रात्री धाग्यांचे सैल फास करून ठेवते, ते फक्त अडकवतात. हिमांगीच्या दोन वेलींवर १४ धागे झाले. १० धरल्या. गळाल्या त्यातल्या दोन ढगाळ सकाळच्या, फुलं उशिरा उघडली होती आणि आप्पा थांबले नव्हते. उरलेल्या दोन आधीच टोचलेल्या होत्या, कापल्यावर आत अळी निघाली. मावशी, तिसऱ्या वेलीची बांधलेली कळी मलमलच्या आतच वाढली, बोटभर झाली आहे. त्या वेलीला आता हात लावत नाही.

काल सकाळी बसमध्ये फोन आला. म्हणाले, ‘सातेरी आलीय. तुळशीवर आहे, अजून वेलीवर नाही.’ 

आता एक शेवटचं विचारते. पहिली काकडी वीतभर झाली आहे, पांढरट, सरळ. आप्पा म्हणतात ती बियांना ठेवायची. ठेवू का?

मळेकरी, मखमलाबाद
मनापासून आनंद झाला. अळी निघाली म्हणजे फळमाशी आहे, क्यूल्युरचा, म्हणजे नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा, सापळा आजच टांगा आणि टोचलेली फळं गच्चीवर न टाकता पिशवीत बांधून फेका.

पहिली काकडी मात्र बियांना ठेवू नका. एक फळ वेलीवर पिकायला लागलं की वेल सगळा जोर त्याला देते आणि पुढची धरत नाहीत. आप्पांच्या हातून उद्याच तोडा, कोवळी आहे तोवर. बियांसाठी बहर सरत आला की शेवटचं सरळ फळ राखा. त्या फुलाला हिमांगीचाच नर लावायचा, आणि आदल्या संध्याकाळी दोन्ही कळ्या बांधून ठेवायच्या, नाहीतर सातेरी आता दुसऱ्या कुठल्या काकडीचा पराग घेऊन येईल. ते फळ पिवळं होऊन देठ वाळेपर्यंत वेलीवरच राहू द्या.