विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेतल्यावर पुढे काय?

प्रश्न (प्राध्यापिका, ठाणे): आमच्या महाविद्यालयात दर सत्राच्या अखेरीस अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले जातात. कसारा-बदलापूरहून लोकलने येणारी मुले सकाळी साडेसातच्या प्रात्यक्षिकाबद्दल सलग तीन वर्षे तेच लिहीत आहेत. वेळापत्रक मात्र जसेच्या तसे आहे. आता अनेकजण अर्ज कोरे देतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. हा अभिप्राय निर्णयापर्यंत कसा न्यावा?

उत्तर १ (निवृत्त प्राचार्य, नवी मुंबई): महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. त्यामुळे अभिप्रायाचा गोषवारा त्यांच्यामार्फत विषयपत्रिकेवर आणावा आणि निर्णय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, कारण नोंद नसलेली चर्चा पुढच्या बैठकीत कोणालाच आठवत नाही.

उत्तर २ (माजी विद्यार्थिनी, ऐरोली): सत्र संपताना विचारले, तर त्या बदलाचा लाभ विचारलेल्या मुलांना मिळत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, नाव न लिहिता, दोनच प्रश्न विचारावेत आणि पंधरवड्यात सूचनाफलकावर उत्तर लावावे. जे शक्य नाही तेही कारणासह लिहावे. आमच्या एका शिक्षिकेने असे केले, तेव्हा वर्ग बोलू लागला.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. वेळापत्रकाचा विषय येत्या बैठकीसाठी परिषदेच्या सचिवांकडे लेखी देते.