टीडॅपसाठी दुसरा टीडी थांबवायचा का?

करवीरकर: गरोदरपणात सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. पहिला डोस नाव नोंदवताच, दुसरा ४ आठवड्यांनी. मागच्या ३ वर्षांतल्या बाळंतपणात दोन्ही झाले असतील तर एकच बूस्टर. डांग्या खोकला यात नाही. बाळाला त्याची पहिली लस दीड महिन्यानं, तोवर ते उघडंच. आईनं २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप, म्हणजे धनुर्वात-घटसर्पासोबत डांग्या खोकल्याचीही लस, घेतली तर प्रतिपिंडं नाळेतून बाळात जातात. परवडतं तिनं दुसऱ्या टीडीऐवजी तीच घ्यावी, आणि आपण सगळ्यांना तसं सांगावं.

गगनबावडा_घाट: सांगा की, पण डोस अडवू नका. १२ व्या आठवड्याला पहिला झाला तर दुसरा १६ व्याला देता येतो. टीडॅपपायी आणखी ११ आठवडे थांबायचं? तेवढ्यात बीडकडची टोळी फड आटपून गावाकडं जाते. बाईच्या हातात कार्ड उरतं, डोस एकच. त्यात टीडॅप विकत, हजाराच्या वर.

करवीरकर: ऊसतोडणीवालीला थांबवू नये, मान्य. टीडी वेळेवर द्या, जमलं तर टीडॅप नंतर वेगळी. टीडी झाली म्हणून ती चुकत नाही. पण पैशाकडं बघून माहितीच लपवायची, हे पटत नाही.

घनसाळ_आजरा: डोसांवर भांडताय, लस शाबूत आहे का बघा आधी. टीडी गोठली की कामातून गेली: त्यातल्या ॲल्युमिनियम क्षाराच्या गुठळ्या होतात. फ्रीझरमधले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये कोंबले की हेच होतं. पॅकला घाम सुटून आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवायचे. आणि बाटलीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारा ठिपका, फक्त उष्णता दाखवतो, गोठलेलं नाही, हे बरेच जण विसरतात.

गगनबावडा_घाट: बरोबर. पुरात लाइट गेली की सगळे गरमीचीच काळजी करतात.

करवीरकर: फ्लूचं इंजेक्शनही सांगा. नाकातला स्प्रे नको, तो जिवंत विषाणूचा. गोवर-रुबेला, कांजिण्या बाळंतपणानंतर.

घनसाळ_आजरा: एवढं सगळं एका दमात सांगितलं तर बाई घाबरंल. दंड एकदोन दिवस दुखतो, थोडा सुजतो, कधी कणकण येते, हे टोचायच्या आधी सांगा. सासूसमोरच सांगा, नाहीतर दुसऱ्या डोसाला घरातनंच नकार येतो.