एक्सेलमध्ये माउसशिवाय काम: कोणते शॉर्टकट शिकावेत?

प्रश्न: गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. इमारतीचे नाव प्रत्येक गटाच्या फक्त पहिल्या ओळीत असल्यामुळे फिल्टर लावला की बाकीच्या ओळी गायब होतात. शिवाय माउसने खाली सरकता सरकता हात भरून येतो. कोणते शॉर्टकट शिकून घ्यावेत?

उत्तर १: कंट्रोल धरून खालचा बाण दाबल्यास सलग माहितीच्या शेवटच्या ओळीवर जाता येते आणि सोबत शिफ्टही धरल्यास तेवढा भाग निवडला जातो. खाली काहीच नसेल, तर मात्र थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर, म्हणजे शीटच्या तळाशी, पोहोचाल.

उत्तर २: इमारतींच्या नावांसाठी त्या स्तंभातील माहितीचा भाग निवडून एफ५ दाबावे आणि ‘स्पेशल’मधून ‘ब्लँक्स’ निवडावे. मग कुठेही क्लिक न करता बरोबरचे चिन्ह (=) टाइप करून वरचा बाण आणि त्यानंतर कंट्रोल-एंटर दाबले, की प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये वरचे नाव उतरते. शेवटी तो स्तंभ कॉपी करून केवळ मूल्ये म्हणून पेस्ट करावा, अन्यथा सॉर्ट केल्यावर सूत्रे भलत्याच ओळीतील नाव उचलतील.

उत्तर ३: सूत्र लिहिताना एफ४ दाबल्यास सेलच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लागते, म्हणजे सूत्र इतर ओळींत कॉपी केले तरी तो पत्ता बदलत नाही; व्याजाचा दर एकाच सेलमध्ये ठेवणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. अनेक लॅपटॉपवर त्यासोबत एफएन कळही दाबावी लागते.

प्रश्नकर्ता: दुसऱ्या उत्तरातील युक्तीने नावे भरली गेली आणि फिल्टरही नीट चालतो आहे. आभारी आहे.