वडिलांच्या स्वप्नांमुळे युंगपर्यंत पोचलोय, आता पुढे कोणाकडून शिकू?

नदीकाठ
नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून एकच स्वप्न थोड्याफार फरकाने पडतंय. एक घर आहे, आमचंच पण आमचं नसलेलं, त्यात बाबा कुठेतरी खालच्या मजल्यावर आहेत हे मला माहीत असतं, जिना खाली जातो आणि मी वरच उभा राहतो. याचा शोध घेता घेता युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाचं नाव कळलं, जोसेफ कॅम्पबेल या मिथकांच्या अमेरिकन अभ्यासकाच्या मुलाखती पाहिल्या, मग त्याचं हजार चेहऱ्यांच्या नायकाचं पुस्तक वाचलं, भारावून गेलो, पण शेवटी शेवटी असं वाटायला लागलं की प्रत्येक कथा त्याच एका साच्यात बसवली जातेय आणि माझं स्वप्न काही त्यात बसत नाहीये. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी नाही, डिग्रीही करायची नाही. फक्त डेप्थ सायकॉलॉजी, म्हणजे जाणिवेखालच्या मनाचं मानसशास्त्र, आणि पुराणकथा हे दोन्ही ज्यांना खरंच कळलंय अशा चांगल्या शिक्षकाच्या हाताला धरून शिकायचंय, मग तो शिक्षक पुस्तकातला असला तरी चालेल. कोणापासून सुरू करू?

पानगळ
तुमचं स्वप्न वाचून काटा आला अंगावर, कारण १९०९ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याबरोबर अमेरिकेला जाताना युंगला पडलेलं स्वप्नही घराचंच होतं. वरचा मजला जुन्या पण नीटनेटक्या फर्निचरचा, खालचा त्याहून कितीतरी जुना, त्याच्या खाली रोमन काळातलं तळघर आणि तिथून एक दगडी पायऱ्यांची वाट आणखी खाली गुहेत, तिथे धुळीत हाडं, फुटकी भांडी आणि दोन कवट्या. फ्रॉइड त्या कवट्या कोणाच्या, कोणाच्या मरणाची इच्छा आहे हेच विचारत राहिला, आणि युंगने वाद नको म्हणून काहीतरी नावं सांगून टाकली. पण त्याला स्वतःला ते घर म्हणजे मनाचं चित्र वाटलं, जितकं खाली जाल तितकं कमी 'माझं' आणि जास्त सगळ्यांचं. सामूहिक नेणिवेची कल्पना त्याला इथे पहिल्यांदा दिसली असं तो म्हणतो.

हे सगळं त्याच्या आठवणींच्या पुस्तकात आहे, 'मेमरीज, ड्रीम्स, रिफ्लेक्शन्स'. तिथूनच सुरू करा. फक्त एक लक्षात ठेवा, ते पूर्ण त्याने लिहिलेलं आत्मचरित्र नाहीये. सुरुवातीची काही प्रकरणं त्याच्या हातची आहेत, बाकीचं बरंचसं आनिएला याफेने त्याच्याशी बोलून तयार केलंय आणि छापण्याआधी त्यावर काटछाटही झालीय. इतिहास म्हणून युंग हवा असेल तर सोनू शामदासानी वाचा. 'रेड बुक', म्हणजे युंगचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं, चित्रं काढलेलं खासगी हस्तलिखित, २००९ मध्ये जगासमोर आणलं ते त्यांनीच. पण रेड बुकला इतक्यात हात लावू नका. सुंदर आहे, चित्रं बघत बसावीत असं आहे, पण आधी जमीन तयार हवी.

वेताळाचं_झाड
माझं मत एकाच नावाला, युंगची शिष्या मारी-लुईस फॉन फ्रान्झ. कॅम्पबेलबद्दल तुम्हाला जे खटकलंय ना त्यावर औषध हीच बाई आहे.

१९३३ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांची असताना ती युंगला पहिल्यांदा भेटली. तो एका पेशंटबद्दल सांगत होता की ती चंद्रावर राहत होती. ही म्हणाली, म्हणजे तिला तसं वाटत होतं. तो म्हणाला, नाही, ती चंद्रावर होती. ही घरी जाताना विचार करत होती की एकतर हा माणूस वेडा आहे नाहीतर हा काय म्हणतोय ते कळायला मला दहा वर्षं लागतील. मग ती जन्मभर त्याच कामात राहिली. युंगकडच्या विश्लेषणाची, म्हणजे मनाच्या उपचाराची, फी द्यायला पैसे नव्हते, तर त्या बदल्यात युंगला लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांचे अनुवाद करून दिले.

तिची बरीचशी पुस्तकं म्हणजे झुरिकच्या युंग इन्स्टिट्यूटमध्ये दिलेली लेक्चर्स आहेत, त्यामुळे वाचताना समोर बसून ऐकल्यासारखं वाटतं. परीकथांच्या अर्थावरचं तिचं पुस्तक घ्या. त्यात ती तीन पिसांची एक ग्रिमची कथा घेते. राजाला तीन मुलगे आहेत, राज्य कोणाला द्यायचं ते ठरवायला तो तीन पिसं हवेत फुंकतो, एक पूर्वेला जातं, एक पश्चिमेला, आणि सगळे ज्याला भोळसट म्हणतात त्या धाकट्याचं पीस थोडं उडून तिथेच समोर जमिनीवर पडतं. तो हिरमुसून खाली बसतो तर पिसाशेजारीच जमिनीत एक झडप असते, खाली पायऱ्या आणि तळाशी एक लठ्ठ बेडकी. आता फॉन फ्रान्झ लगेच बेडकी म्हणजे अमुक असं म्हणत नाही हो! ती आधी विचारते, कथेच्या सुरुवातीला माणसं किती? चार. सगळे पुरुष. राणी कुठेय? कोणी नावही काढत नाही. आणि शेवटी कोण कोण आहे ते मोजा. मधल्या मध्ये काय आलं आणि काय बदललं यातच कथेचा प्रश्न सापडतो. त्यानंतर जगभरच्या दुसऱ्या कथांमधल्या बेडक्या गोळा करायच्या, याला ते अँप्लिफिकेशन म्हणतात, आणि मानसशास्त्राची भाषा सगळ्यात शेवटी, तीही हा आपल्या काळापुरता अर्थ आहे असं समजून.

मी हे शिकायच्या आधी दोन वर्षं नुसती लेबलं लावत होते, ही शॅडो (मनाची नाकारलेली बाजू), ही अॅनिमा (पुरुषाच्या मनातली स्त्री), हा ट्रिकस्टर (खोडकर ठक). कथा वाचणंच बंद झालं होतं माझं. तिच्यामुळे परत सुरू झालं.

आणि नदीकाठ, तिचं मृत्यू आणि स्वप्नं यावर वेगळं पुस्तक आहे, १९८४ चं. मृत्यूजवळ आलेल्या माणसांना पडणारी स्वप्नं ती त्यात बघते. ते जरा थांबून वाचा, पण वाचाच.

नदीकाठ
चार पुरुष आणि राणीचं नाव नाही... हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. थँक्यू ताई. पण मग कॅम्पबेल सोडून द्यायचा का? वाईट वाटतंय, पहिला दरवाजा त्यानेच उघडला होता.

उंबरठा
अजिबात सोडू नका! कॅम्पबेल हा विश्लेषक नव्हताच, १९३४ ते १९७२ सारा लॉरेन्स कॉलेजात साहित्य शिकवणारा मास्तर होता, आणि त्याच्याकडे तसंच बघितलं तर तो फार मोठा आहे. त्याच्यावर टीका आहे आणि ती बरोबर आहे, लोकसाहित्याच्या अभ्यासकांचं म्हणणं असं की तो साम्य दिसेल तेवढंच उचलतो आणि कथा कोणी, कुठे, कोणाला सांगितली हे सोडून देतो. मॉरीन मर्डॉकने १९९० मध्ये नायिकेच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं तेही त्याचा साचा बाईच्या आयुष्याला पुरत नाही म्हणूनच. पण लोक फक्त १९४९ चं ते एक पुस्तक वाचतात आणि सिनेमावाल्यांनी केलेली त्याची बारा पायऱ्यांची आवृत्ती वाचतात. 'मास्क्स ऑफ गॉड'चे चार खंड घ्या, तिथे तो कितीतरी सावकाश चालतो, आदिम, पौर्वात्य, पाश्चात्य असा इतिहास धरून जातो आणि शेवटच्या खंडात आजच्या माणसाने स्वतःची मिथकं कशी घडवली तिथे येतो.

कर्णफूल
कॅम्पबेलचा विषय निघालाच आहे तर त्याच्या मागचा माणूस पण बघा, हाइनरिश झिमर. भारतविद्येचा जर्मन पंडित, युंगचा मित्र. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला अचानक गेला, जेमतेम ५२ वर्षांचा, आणि त्याच्या टिपणांतून चार ग्रंथ उभे करायला कॅम्पबेलने पुढची बारा वर्षं घालवली. त्यातल्या एकात विक्रम-वेताळाची गोष्ट आहे, आपण लहानपणापासून ऐकलेली, प्रेत खांद्यावर आणि उत्तर दिलं की ते परत झाडावर. झिमर सांगतो तेव्हा कळतं की राजा सगळ्या कोड्यांची उत्तरं देतो आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो, पण शेवटच्या कोड्याला त्याच्याकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो आणि तिथेच सुटका होते. मी ते वाचून रडले होते, आणि का ते अजून नीट सांगता येत नाही. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो म्हणतो की प्रतीकांच्या प्रांतात आनंदासाठी आलेला हौशी माणूसच बरा, ज्याला सगळं कळलंय असा तज्ज्ञ नको. डिग्री नाही म्हणताय ना, मग हे तुमच्यासाठीच आहे.

अजून एक. फ्रॉइडचा शिष्य ओटो रँक याने १९०९ मध्येच नायकांच्या जन्मकथांवर लिहिलं होतं आणि त्यात मोझेस, ईडिपस (नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा ग्रीक राजा) यांच्या ओळीत आपला कर्ण आहे, पाण्यात सोडलेलं बाळ म्हणून. पण इकडच्या कथा तिकडच्या चौकटीत घातल्या की काय निसटतं हे बघायचं असेल तर ए. के. रामानुजन यांचा भारतीय ईडिपसवरचा निबंध वाचाच वाचा. ते दाखवतात की आपल्याकडे मुलगा बापाला मारत नाही, बहुतेकदा बापच मुलाकडून काहीतरी घेतो. ययाती पुरूचं तारुण्य घेतो, शंतनूसाठी भीष्म सगळं सोडतो. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्याला मनोविश्लेषणाची संस्था काढली, फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला आणि याच ईडिपसवरून त्याच्याशी मतभेद मांडले, तेही आठवतं इथे. वडिलांचं स्वप्न आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

साधाच_माणूस
सगळे पुस्तकांबद्दल बोलतायत म्हणून मी दुसरं सांगतो. दीड वर्ष तेच स्वप्न पडतंय. झोप उडत असेल, दिवसभर जड वाटत असेल तर माणसाशी बोला, प्रशिक्षित माणसाशी. माझा भाऊ गेल्यावर मी वर्षभर नुसता वाचत बसलो, वाचन हे न रडण्याचं निमित्त झालं होतं माझं.

आणि मिथकांचा अभ्यासक आणि विश्लेषक यात फरक करा. विश्लेषक व्हायला आधी स्वतःचं विश्लेषण वर्षानुवर्षं करून घ्यावं लागतं. ऑनलाइन आज कोणीही स्वतःला युंगियन म्हणवतो, आंतरराष्ट्रीय संघटना आहे १९५५ पासूनची, आयएएपी नावाची, तिचा सदस्य आहे का ते विचारायला लाजू नका. नुसतं ऐकायचं असेल तर 'धिस युंगियन लाइफ' हा पॉडकास्ट चांगला, तीन विश्लेषक गप्पा मारतात आणि शेवटी ऐकणाऱ्यांपैकी कोणाचं तरी एक स्वप्न घेतात. आणि युंगच्या संकल्पना एकदा सरळ समजून घ्यायच्या तर मरी स्टाइनचं 'युंग्ज मॅप ऑफ द सोल', पुढे बीटीएस या कोरियन बँडने अल्बमला नाव घेतलं ते तेच.

पानगळ
+१ स्टाइनला. आणि वरच्या पहिल्या परिच्छेदालाही.

काळोखातली_वाट
मी जरा वेगळं बोलणार आहे, ताई रागावू नका. जेम्स हिलमन. दहा वर्षं झुरिकच्या इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यासक्रमाचा प्रमुख होता आणि नंतर युंगच्याच लोकांशी भांडला. त्याचं म्हणणं, स्वप्नात काळा साप आला आणि तुम्ही म्हणालात की ही कामवासना, ही आई, ही नेणीव, तर साप गेला, हातात शब्द राहिला. सापाजवळ थांबा, त्याचा रंग बघा, तो कसा सरकतो ते बघा. स्वप्न आणि पाताळ यावर त्याचं १९७९ चं पुस्तक आहे, त्यात तो म्हणतो की स्वप्न हे हेडिसच्या, म्हणजे ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राजाच्या, राज्यातलं आहे, त्याला ओढून उजेडात आणू नका, दिवसाच्या कामाला जुंपू नका, तुम्ही तिकडे खाली जा. मेलेली माणसं स्वप्नात येतात तेव्हा ती काहीतरी दुरुस्त करायला सांगत असतील असं नाही, ती तिथे राहतात. वाचायला अवघड आहे, कधीकधी चिडचिड होते, पण जिन्यावर थांबलेल्या माणसाला मी तरी दुसरं काही सुचवणार नाही.

वेताळाचं_झाड
रागावते कशाला, हिलमन मलाही आवडतो. फक्त त्याच्या आधी फॉन फ्रान्झ वाचली तर तो कोणाशी आणि का भांडतोय ते कळतं. नाहीतर नुसतं वाक्यांच्या प्रेमात पडायला होतं, वाक्यं आहेतच तशी.

नदीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. साधाच_माणूस दादा, तुमचं वाचून एका समुपदेशकांची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यात आहे. परीकथांवरचं पुस्तक मागवलंय, झिमर त्यानंतर, हिलमनला थोडा वेळ देतो.

काल रात्री फॉन फ्रान्झची पद्धत करून बघितली, पुस्तक हातात नसतानाच. स्वप्न वहीत लिहून काढलं, जितक्या वेळा आठवतंय तितक्या वेळचं, आणि घरात कोण कोण आहे ते मोजलं. बाबा आहेत. मी आहे. एकदा माझा काका होता. आई एकदाही नाहीये. ती बरी आहे, माझ्याच घरात राहते, पलीकडच्या खोलीत झोपली होती मी हे लिहीत होतो तेव्हा. तिला कुठली स्वप्नं पडतात हे मी दीड वर्षात तिला विचारलेलं नाही.