मदत हवी आहे: डीफोच्या जोडीला १८९७च्या प्लेगवरचं मराठी लेखन

वाचनगटासाठी डॅनियल डीफोचं 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' घेतलंय. गोची अशी की सगळे ते १६६५च्या लंडनमधली खरी रोजनिशी समजतात. पुस्तक १७२२चं, साथीच्या वेळी डीफो जेमतेम पाच वर्षांचा. १७२०मध्ये फ्रान्समधल्या मार्सेत प्लेग आला, इंग्लंडात विलगीकरणाच्या कायद्यावरून वाद पेटला, त्या धामधुमीत हे आलं. म्हणून पुस्तकातली रोग्यांची कुलूपबंद घरं, दारावरचे पहारेकरी आणि मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते (प्लेगचे आकडे कमी, इतर तापांचे अचानक जास्त!) राजकारण म्हणूनच वाचायला हवेत.

जोडीला १८९७च्या पुण्यातल्या घरझडत्या नि सेग्रिगेशन कॅम्पवरचं मराठी लेखन हवंय. साथरोग कायदा तेव्हाचाच, २०२०मध्येही तोच लावला. रँड-चाफेकर प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, ते नको. बायकांचं लेखन असेल तर उत्तम. 'स्मृतिचित्रे' यादीत आहेच. आणखी काय सुचवाल? नेमकं प्रकरण सांगितलंत तर दोन तासांत बसवता येईल.